डिस्चार्ज कार्डावरची खोडलेली ओळ

सर, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि या अकरा वर्षांत मी तुमच्याविषयी फक्त चांगलंच बोलत आले. शोकसभेत बोलले तेव्हा काकू पहिल्या रांगेत बसून रडत होत्या. दरवर्षी नवे रेसिडेंट आले की त्यांना वॉर्ड दाखवताना मी सांगते, या वॉर्डाला शिस्त आमच्या सरांनी लावली. बाळाचा श्वास पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा नाही, पूर्ण एक मिनिट उभं राहून मोजायचा, हे त्यांनी शिकवलं. त्यात खोटं काहीच नाही. पण जे मी कधी सांगितलं नाही, ते गेल्या महिन्यात माझ्या टेबलासमोर येऊन बसलं. तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडण चालू आहे. गेलेल्या माणसाशी भांडण हे एकतर्फीच असतं, हे मला कळतं. पण तुम्ही होतात तेव्हा मी एकदाही भांडले नाही, म्हणून आता हे लिहीत बसले आहे.

शहराच्या कडेच्या वाडीची ती मुलगी तुम्हाला आठवणार नाही. नऊ महिन्यांची होती, थंडीचे दिवस होते, चौथी खाट. आई गोदामात खोकी पॅक करायची, बाप तिथेच ट्रकमध्ये माल चढवायचा, आणि गोदामाच्या मागे भाड्याची एक खोली. बाळाचं नाक गळतंय, छातीत घरघर, श्वास साठच्या वर, दूध ओढता येत नाही. आपल्या भाषेत ब्रॉन्किओलायटिस. थंडीत वॉर्डातली निम्मी बाळं याचीच असायची. विषाणूचा आजार, ऑक्सिजन द्यायचा, नाक साफ ठेवायचं, पोटात दूध जातंय ना ते बघायचं आणि धीर धरायचा. हे तुम्हीच आम्हाला वर्गात फळ्यावर लिहून दिलं होतं आणि खाली लिहिलं होतं, अँटिबायोटिकची गरज नाही. पण वर्गातून वॉर्डात आलात की तुम्ही वेगळेच असायचात. बाळ कशानेही आलेलं असो, कागदावर नजर टाकायचात आणि म्हणायचात, "दोन्ही सुरू करा." दोन्ही म्हणजे कोणती दोन अँटिबायोटिक हे आम्हाला पाठ होतं. एक रोजचं, सलाइनमधून जाणारं, आणि दुसरं अमिकासिन. सिस्टर तर राउंडच्या आधीच ट्रे भरून ठेवायच्या.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट. तिसऱ्या दिवशी सकाळी मी चौथ्या खाटेचे कागद बघितले: ताप उतरून दोन दिवस झालेले, श्वास चाळीसवर आलेला, एक्स-रे स्वच्छ, रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू नाही. मी पेन काढलं, दोन्ही औषधांवर रेघ मारली, खाली सही केली. खरं सांगते, मला स्वतःचा थोडा अभिमान वाटला होता. तुम्ही शिकवलेलंच मी करत होते. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल.

तुमच्या राउंडला आम्ही दहा-बारा जण तरी असू. मुलीची आई तिला खांद्यावर घेऊन खाटेशेजारी उभी. तुम्ही कागद उलटलात आणि थांबलात.

"हे कोणी बंद केलं?"

"मी, सर. कल्चर निगेटिव्ह आलंय, ताप नाही, आणि ब्रॉन्किओलायटिसमध्ये..."

"मला ब्रॉन्किओलायटिस शिकवून राहिली का तू?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. "या पोरीला काही झालं तर जिम्मेदारी कोणाची? तुझी? बोल ना बेटा. सांग तिच्या आईला, मी औषध बंद केलं, आता देवाच्या भरवशावर ठेवा."

आईला आमच्या बोलण्यातलं एवढंच समजलं की औषध बंद झालंय आणि ते मी केलंय. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "काहून बंद केलं मॅडम? आमी गरीब हावो म्हून?"

सर, त्या वाक्याने मी जी गप्प झाले ती खूप वर्षं गप्पच राहिले. तुम्ही तिच्या पाठीवर हात ठेवलात, म्हणालात, "काळजी करू नका बाई, मी आहे ना." आणि माझ्याकडे न बघता सिस्टरना सांगितलंत, "चौदा दिवस पूर्ण. एकही डोस चुकता कामा नये." चौदा कुठून आले? जिथे सातचीही गरज नव्हती, तिथे चौदा. मी खूप विचार केला आहे यावर. तो आकडा त्या बाळासाठी नव्हताच, तो माझ्यासाठी होता. मी पुन्हा कधी तुमच्या औषधावर रेघ मारू नये म्हणून. सहाव्या दिवशी सुईची जागा सुजली, त्यामुळे एक दिवस ताप आला, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "बघितलं? म्हटलं होतं ना मी?" आणि डोस वाढवलात. त्या औषधाची रक्तातली पातळी मोजायची सोय आपल्याकडे नव्हती. रोज सकाळी इंजेक्शन गेलं की नाही याची खूण मी स्वतः करत होते.

मी तुमच्याशी का भांडले नाही, हेही लिहायला हवं, नाहीतर हे पत्र मला फारच सोपं जाईल. दीक्षा घेतलेल्या आजोबांची मी नात, जरीपटक्याच्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाची मुलगी, घरातली पहिली डॉक्टर. पहिल्या वर्षी ड्यूटी रूममध्ये एका सीनियरने मला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं होतं, "कोट्यातल्यांना सुई तरी धरता येते का?" तुमच्या कानावर ते कसं गेलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी राउंडला तुम्ही त्याला एका सुकलेल्या बाळाची शीर शोधायला लावलीत. त्याने तीनदा टोचलं. मग तुम्ही मला म्हणालात, "बेटा, तू बघ." माझ्या हाताला ती पहिल्यांदाच लागली. तुम्ही नुसते पुढच्या खाटेकडे गेलात. वडील एकदा तुम्हाला भेटायला आले, इस्त्रीचा शर्ट घालून, तर तुम्ही खुर्चीतून उठलात आणि त्यांना ती खुर्ची दिलीत. घरी गेल्यावर ते आईला चार वेळा सांगत होते, "साहेब उभे राहिले माझ्यासाठी." मी पास झाले त्या दिवशी तुम्ही स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ काढून मला दिलंत, सेकंदकाटा मोठा असलेलं, श्वास मोजायला. अशा माणसाशी कसं भांडायचं, सर? तुम्ही मला उभं केलंत हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की त्यानंतर तुमच्यासमोर मला ताठ उभं राहता आलं नाही.

चौदाव्या दिवशी डिस्चार्ज कार्ड मी लिहिलं. अमिकासिनने कानाच्या आतल्या नाजूक भागाला इजा होऊ शकते, आणि झाली तर ती भरून येत नाही, हे एमबीबीएसच्या पोरालाही माहीत असतं. म्हणून शेवटच्या ओळीत मी इंग्रजीत लिहिलं की तीन महिन्यांनी कानांची तपासणी करावी. तुम्ही सही करायला कार्ड घेतलंत आणि विचारलंत, "हे काय?"

"अमिकासिन चौदा दिवस गेलंय, सर. डोसही वाढवला होता."

"आईला घाबरवायचंय का तुला? उद्या ही वाडीभर सांगत फिरेल की इथे पोरं बहिरी करतात." तुम्ही पेनचं टोपण काढलंत. टेबलावर पंखा होता, कार्ड उडत होतं, आणि मी ते दोन्ही हातांनी धरलं. तुम्हाला नीट खोडता यावं म्हणून मी ते धरून उभी होते, सर. तुम्ही दोन रेघा मारल्यात, सावकाश, एकीवर एक. मग आईने बाळाला तुमच्या पायांवर ठेवलं. तुम्हाला ते आवडत नसे, तुम्ही लगेच वाकून बाळाला उचललंत आणि म्हणालात, "मोठी कर हिला, शिकव." तुम्ही मनापासून म्हणत होतात. तुमचं सगळं मनापासूनच असायचं, हाच तर त्रास आहे.

पुढे पावणेदोन वर्षांनी ती बाई ओपीडीत आली. तुम्ही रिटायर झाला होतात, मी लेक्चरर झाले होते. मुलगी अडीच वर्षांची, अंगाने चांगली, डोळे टपोरे, पण एक शब्द बोलत नव्हती. मी तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. ती माझ्या टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत राहिली. तपासणीला पाठवलं, रिपोर्ट आला, दोन्ही कान जवळजवळ बंद.

आई म्हणाली, "मॅडम, पयले हिले ऐकू ये. आमच्या खोलीमांगं ट्रक उभे राह्यत, हार्न वाजला का दचकून जाये, रडे. मी सांगतो तं सासू म्हणते, तुले भास होते, हे जन्माचीच बहिरी हाये. तुमी सांगा न, तुमाले तं माईत असन. माह्या पोरीले काय झालं?"

तिने पिशवीतून जुनं कार्ड काढून माझ्या हातात दिलं होतं. तिला इंग्रजी येत नव्हतं. मी ती खोडलेली ओळ बघितली आणि केसपेपरवर लिहिलं, बहिरेपणा जन्मजात असावा. पुढे एक प्रश्नचिन्ह काढलं. ते प्रश्नचिन्ह माझ्या मनाच्या समाधानासाठी. तिला म्हटलं, "आता कारण शोधून काय करायचं? हिला कर्णबधिरांच्या शाळेत घाला, लवकर घाला." सल्ला योग्य होता. योग्य सल्ल्याच्या आडून किती मोठं खोटं बोलता येतं, ते त्या दिवशी मला कळलं.

रविवारी सकाळी मी प्रताप नगरला तुमच्या घरी आले. काकूंनी चिवडा आणि चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. मग तुम्ही मला ती गोष्ट सांगितलीत जी वॉर्डात कोणालाच माहीत नव्हती. तुम्ही रेसिडेंट असताना एक तापाचं पोर आलं होतं, तुम्ही साधी सर्दी समजून औषध न देता घरी पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी ते मेंदूज्वराने गेलं. त्याच्या आईने तुमची कॉलर धरली होती. "न दिलेलं औषध माणसाच्या अंगावर येतं बेटा," तुम्ही म्हणालात, "दिलेलं कोणाच्या अंगावर येत नाही." मला तुमची दया आली. आज ती येत नाही. तुमच्या त्या एका पोराचं भय तुम्ही पुढे वॉर्डातल्या प्रत्येक बाळाच्या शिरेत घालत राहिलात, आणि आम्ही चाळीस-पन्नास जण तुमच्या हाताखालून निघालो ते हेच शिकून. अंगावर येत नाही म्हणे. आलं ना, सर. तुमच्या अंगावर आलं नाही एवढंच.

निघताना फाटकापर्यंत सोडायला आलात आणि म्हणालात, "ती जिवंत आहे ना? झालं तर मग. फाइलमध्ये काही लिहू नकोस. तुझी पोस्ट अजून पक्की व्हायची आहे." स्वतःला वाचवायला म्हणाला असतात तर मी कदाचित लिहिलं असतं. तुम्ही माझ्या काळजीने म्हणालात.

आता वॉर्डाचं काय झालंय ते सांगते. ज्या औषधाला तुम्ही शेवटचं म्हणायचात, कुलपात ठेवायचात, ते आता आमचं पहिलं आहे. तीन दिवसांचं बाळ येतं आणि लॅबचा कागद येतो, त्यावर औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एकच अक्षर, आर, म्हणजे या जंतूवर हे आता चालणार नाही. त्या आईबापांना मी काय सांगू? मी प्रत्येक रेसिडेंटला विचारते, हे का सुरू केलं, कधी थांबवणार, लिही. पोरं माझ्यावर वैतागतात. नातेवाईक म्हणतात, बाजूच्या दवाखान्यात लगेच इंजेक्शन देतात, तुम्ही नुसतं बघून राहिल्या. मी सगळ्यांशी भांडते. ज्या एका ठिकाणी भांडायला हवं होतं, ते सोडून सगळीकडे.

गेल्या महिन्यात, सोमवारी, ओपीडी भरलेली असताना त्या दोघी आल्या. आईचे केस पांढरे झालेले, ती आता एका होस्टेलच्या स्वयंपाकघरात पोळ्या करते. मुलगी अठराला टेकलेली, बारावी झालेली, कॉलेजात नाव घालायचं म्हणून अपंगत्वाचं प्रमाणपत्र नवं करायला आलेली. कानाच्या डॉक्टरांनी जुने कागद मागितले, बहिरेपणा केव्हापासून, कशाने, ते भरायचं होतं, म्हणून माझ्याकडे पाठवलेलं. आईने ते कार्ड आता प्लॅस्टिकमध्ये घालून आणलं होतं. मी ते वाचायचं नाटक करत होते, तेवढ्यात मुलीने हात पुढे केला आणि खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. मग मोबाइलवर टाइप करून माझ्यासमोर धरलं: "इथे हिअरिंग टेस्ट लिहिलं आहे. कोणी खोडलं? का?"

ती इंग्रजी शिकली होती, सर. तुम्हीच सांगितलं होतं, शिकव हिला.

मी सिस्टरना दार लोटायला सांगितलं आणि त्या बाईला सगळं सांगितलं. तुमचं, माझं, तिसऱ्या दिवसाचं, चौदा दिवसांचं, कार्डाचं, आणि अडीच वर्षांची असताना मी जे लिहिलं त्याचं. अगदी शंभर टक्के असं वैद्यकात म्हणता येत नाही हेही सांगितलं, आणि सांगताना मला कळत होतं की मी अजूनही आडोसा शोधते आहे.

ती ओरडली नाही. तिने विचारलं, "सायबानं कापलं. आन तुमी?"

"मी तिथे होते."

"मंग मी इचारलं तवा काहून नाई सांगतलं?"

ती माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे बघत बोलत होती. "सासू म्हणे, तू पोटुशी असतानी गिऱ्हानात भाजी चिरली, म्हून पोरगी अशी झाली. मी म्हणो, नाई, हिले ऐकू ये. कोणी मानलं नाई. तुमी बी जन्माची म्हून लिवलं तं मंग म्या बी मानलं. नवऱ्यानं त्याच्यावरून दुसरी केली. मॅडम, पंधरा वर्सं मी त्या गिऱ्हानाचा इचार करून राहिली. म्या खरंच चिरली होती भाजी त्या दिवशी. वांगे होते."

मी उठून तिचा हात धरायला गेले, तिने तो बाजूला घेतला. मी केसपेपर ओढला आणि लिहिलं की जुन्या कागदांवरून हा बहिरेपणा जन्मजात वाटत नाही, नऊ महिन्यांच्या वयात दिलेल्या औषधामुळे आलेला असण्याची शक्यता मोठी आहे, ते औषध त्या आजारात आवश्यक नव्हतं, आणि तेव्हा उपचार करणाऱ्यांपैकी मी एक होते. सही केली, शिक्का मारला. यावरून पुढे चौकशी होईल की नाही ते मला माहीत नाही. विचारतील तेव्हा तुमचं नाव मी सांगणार आहे. आईने कागद दुमडून ब्लाउजमध्ये ठेवला. इतक्या वर्षांत ती बाई माझ्या खोलीतून नमस्कार न करता कधी गेली नव्हती.

पण जाण्याआधी मुलीने आईचा दंड धरून तिला थांबवलं. दोघींचं हातांनी काही बोलणं झालं, आई डोळे पुसत खुणा करत होती, मुलगी पुन्हा पुन्हा तीच खूण विचारत होती. मग तिचा चेहरा बदलला. राग येईल असं मला वाटत होतं. तिला राग आला नव्हता. तिने मोबाइल घेतला आणि टाइप केलं, "म्हणजे मला ऐकू येत होतं?" मी मान हलवली. तिने परत टाइप केलं: "मग मी आईचा आवाज ऐकला आहे. मला तो ओळखता यायचा का? तुम्ही बघितलं होतं का?"

मी तिच्या हातातून मोबाइल घेतला आणि लिहिलं, हो. तुझी आई वॉर्डाच्या दारातून बोलली की तू मान वळवून बघायचीस. मी पाहिलं आहे. तिने ते दोनदा वाचलं, आईला दाखवलं, आणि मोबाइल बंद न करता तसाच हातात धरून बाहेर गेली.

हे पत्र कुठे जाणार नाही. प्रताप नगरचं तुमचं घर पाडून तिथे फ्लॅट झालेत, काकू मुलाकडे गेल्या. केसपेपरवर मी सगळं लिहून दिलं, एक गोष्ट सोडून, ती इथे लिहिते. सर, मी तसं काही पाहिलेलं नाही. चौदा दिवस रोज दोनदा मी त्या खाटेशी जात होते आणि चौदाही दिवस मी फक्त कागद बघितला. आई दारातून बोलायची तेव्हा ती मुलगी कुठे बघायची, मला माहीत नाही.